सेटवरच्या सुताराला नकार कळवण्याबाबत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कागदावरच. उजवा खांदा सध्या वर जात नाही, त्यामुळे एक अंग कमी धर). तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की डॉक्टरांना नुसतं हो हो म्हणून घरी येतेस? भावजींचा खोकला थांबला असेल तर उत्तमच, पण तो मला पहिल्यापासून खरा वाटलेला नाही. पाहुण्यांनी उठावं असं वाटलं की नेमका कसा येतो? त्यांना नमस्कार सांग आणि हे पत्र दाखवू नकोस. फोनच केला असता, पण सध्या कवळी माझ्याजवळ नाही (का नाही ते पुढे येईल), आणि कवळीशिवाय मी बोललेलं फक्त मलाच कळतं.

तर आपल्या चिमीच्या लग्नाचं. तू म्हणाली होतीस की मुलगा मला पसंत आहे, तू एकदा बघून ये, म्हणजे मी त्याच्या आईला निरोप देते. बघून आलो. नकार कळव.

कारणं सविस्तर सांगतो, नाहीतर तू म्हणशील की याचा स्वभावच असा. मुलगा काय करतो ते तुला माहीत आहे, पण तू त्यावर विचार केलेला दिसत नाही. तो जुना रडका सिनेमा आठवतो ना, ज्यात आई आंधळी होते आणि मुलगा वकील होतो? सगळं थिएटर हुंदके देत होतं. (मी नव्हतो. माझ्या डोक्यावरचा पंखा हलत होता, मी त्याच्याकडे बघत होतो.) त्या सिनेमाचे सेट अजून जसेच्या तसे जपून ठेवलेत. लोक तिकीट काढून येतात, नायक जिथे उभा राहिला तिथे उभे राहतात आणि पुन्हा एकदा रडतात. आणि हा मुलगा तिथला सुतार. एखादी भिंत कुजली की तशीच नवी करायची, आणि ती जुनी दिसावी म्हणून रंगवायची, हे याचं काम. ताई, मी सगळी नोकरी इमारत तपासनीस म्हणून खोट्या भिंती पकडण्यात घालवली. मी येतोय म्हटल्यावर ठेकेदार हातातला चहा खाली ठेवायचे. आणि माझा जावई कोण, तर जो राजरोस खोट्या भिंती उभ्या करतो! (चिमीसुद्धा खोटेच दात बनवते असं तू म्हणशील. ते औषधोपचारात येतं.) ओळख तरी कशी झाली बघ. खलनायकाच्या पुतळ्याचा सोनेरी दात पडला, तो करून घ्यायला हा चिमीच्या लॅबमध्ये आला. एका दातासाठी माणूस किती वेळा यावा? हा येतच राहिला. तिथेच मला पहिला संशय आला. आणि आता तुला म्हणून सांगतो, चिमीची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच उरलो आहोत. चिमी गेली तर मी संशय घ्यायचा तरी कुणावर?

तेव्हा मी ओळख न देता जायचं ठरवलं. चिमीला बँकेत जातो म्हणून सांगितलं. चाहता दिसावं म्हणून नायकाचं तोंड छापलेला टीशर्ट घातला, काळा चष्मा लावला आणि खिशात ओळंबा टाकला (दोरीला बांधलेलं ते पितळी वजन. मी निवृत्त झालो म्हणून जगातल्या भिंती सरळ झाल्या असं थोडंच आहे?). दारावरच्या पहारेकऱ्याने खिसे तपासले आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, घड्याळाचा लंबक आहे, दुरुस्तीला न्यायचाय. त्याने विश्वास ठेवला. असे लोक पहाऱ्याला कसे नेमतात कोण जाणे. आत एक गाइडबाई होत्या. त्यांनी प्रत्येकाला सिनेमातला आवडता प्रसंग विचारला. मी मध्यंतर म्हणालो. त्यानंतर त्या माझ्यावर डोळा ठेवून होत्या, आणि तिथे तेवढी एकच बाई मला समजूतदार वाटली.

आधी वकिलाचा बंगला दाखवला. भिंतीवर बोट वाजवलं, पोकळ. दुसरीवर वाजवलं, पोकळ. संगमरवरी खांबाला जरा टेकलो, तर खांब बाजूला सरकला आणि सॉरी मी म्हणालो. कपाटातल्या पुस्तकांना पानं नाहीत, नुसत्या पाठी. नळ सोडला तर पाणी नाही, कारण नळाला पाइपच नाही. आतल्या खोलीचं म्हणून जे दार होतं ते उघडलं, तर मागे खोली नाही, भिंतीला दिलेले लाकडी टेकू! आणि लोक त्या दाराला हात लावून डोळे पुसत होते. म्हणे याच दारातून ती आई चाचपडत बाहेर आली होती. कुठून आली होती? टेकूंमधून?

आणि मग तो जिना. वर जातो आणि संपतो. पुढे मजलाच नाही. त्यावर सगळी मंडळी फोटोसाठी दाटीवाटीने उभी. ताई, सवय जात नाही. मी तपासणीच्या आवाजात ओरडलो, "जिना रिकामा करा! एकेक जण! कठड्याला हात लावू नका!" सगळे मुकाट्याने रांगेत खाली आले. एका काकूंना रडू फुटलं, एका गृहस्थांनी बायकोला हाक मारून सांगितलं की कपाटाची किल्ली उशीखाली आहे. गाइडबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, अहो, जिना भक्कम आहे. मी म्हटलं, ते मी ठरवेन, आणि जिन्याखाली शिरलो. तिथे काय बघतो? खालून सगळा लोखंडी सांगाडा. प्रत्येक बोल्ट सैल पडू नये म्हणून त्याला दुहेरी चाकी, आणि आवळून झाल्यावर वर लाल रंगाची खूण. हे कोणी केलं विचारलं, तर उत्तर आलं की आमच्या सुताराने. म्हणजे बघ, वरून खोटं दाखवायचं आणि आतून पक्कं करायचं! मी नोकरीत एवढी माणसं पाहिली, ती सगळी याच्या बरोब्बर उलटी होती. त्यामुळे माझा संशय फारच बळावला.

गाइडबाईंनी मला हात जोडून बाहेर थांबायला सांगितलं. (मी स्वतःहूनच निघणार होतो.) बाहेर सिनेमातली बाजारपेठ आहे, नुसती दुकानांची तोंडं. ती संपते तिथे एक गल्ली लागली. बैठी घरं, दोरीवर कपडे. मी एका पायजम्याला हात लावून पाहिला, तो ओला होता. म्हटलं, शाबास, रोज भिजवून ठेवतात वाटतं. पहिल्याच घराचं दार उघडं होतं आणि आत एक वयस्कर बाई मशिनवर पडदा शिवत बसल्या होत्या. मी आत गेलो. त्या हसून म्हणाल्या, "चुकलात ना? सगळेच इथे चुकतात. बसा, पाणी देते." मी बसलो, आणि त्या पाण्याला गेल्या तेवढ्यात पाठीमागच्या भिंतीवर बोट वाजवलं. पोकळ! म्हणजे हाही सेटच. या बाई म्हणजे पगारी नटी, घरगुती वातावरणासाठी ठेवलेल्या. मी निश्चिंत झालो.

पाणी देऊन त्या बोलायला लागल्या. मुलगा इथेच सुतार आहे म्हणाल्या. त्याचं लग्न ठरतंय. मुलगी फार गुणाची आहे, पण "तिचे वडील भारी संशयी आहेत म्हणे. मला तर बाई त्यांची धास्तीच बसलीय." हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलाला सुगावा लागला होता! मी येणार हे हेरून त्याने भाड्याची आई बसवली होती, मला पाझर फुटावा म्हणून! (माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तर त्याने हेच ताडलं असतं. भावजी नसते ताडले, पण ते सोड.)

मग मी काही हातचं राखलं नाही. म्हटलं, बाई, तुमचं काम झकास आहे, पण मुलीच्या बापाचं पात्र फसलंय. असा माणूस असतो का कुठे? त्याला जरा मोठ्या मनाचा दाखवा, नाहीतर सरळ शेवटी नकार देऊ दे, म्हणजे लोक रडत घरी जातील. त्यांनी मशिन थांबवलं. भिंतीवर एका गृहस्थांचा फोटो होता. मी म्हटलं, हा कोण निवडला? मुलाशी चेहरा जुळत नाही (चिमीने दाखवलेला मुलाचा फोटो मी नीट तपासला होता). त्या हळूच म्हणाल्या, "मुलगा माझ्यावर गेलाय. हे गेले तेव्हा तो शाळेत होता." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ताई, मी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. वर हेही विचारलं, की डोळ्यांत काही घालता का, की असंच येतं.

म्हटलं, थांबा, आता सगळंच उघडं करतो. भिंतीला खांद्याने जोरात रेटा दिला. भिंत हलली नाही, खांदा हलला. ओळंबा सोडून पाहिला, भिंत सुतासारखी सरळ. पण तिच्यात एक दार होतं. या दारामागे काय असतं ते मला आता पाठ झालं होतं. टेकू दाखवायला म्हणून मी ते दार धाडकन उघडलं.

आत खोली होती. नव्या रंगाचा वास येत होता. एक पलंग, एक कपाट, आणि खिडकीशी कामाचं टेबल. त्याला लहान लहान कप्पे, कडेला मेण वितळवायला छोटीशी शेगडी, वर वाकवता येणारा दिवा. आणि खिडकी उजव्या हाताला. ताई, आपली चिमी डावखुरी. सगळं जग उजेड डावीकडून घेतं. लॅबमध्ये ती बिचारी दिवसभर आपल्याच हाताच्या सावलीत कवळ्या घासत बसते. हे मला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि कुणाला असेल असं मला वाटलं नव्हतं. खिडकी नवीन पाडलेली होती, चौकटीला अजून रंग लागायचा होता. घर मुळात एकाच खोलीचं. सुनेला आपली खोली हवी म्हणून त्याने प्लायवुडचा आडोसा उभा केला होता, म्हणून ती भिंत पोकळ वाजली. पडदाही त्याच खिडकीचा होता. मला एकदम फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मुलगा जेवायला आला. त्याने चिमीकडे माझा फोटो पाहिलेला, त्यामुळे काळ्या चष्म्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही?" त्याच्या आईने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग टीशर्टवरच्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे. नंतर त्या उठल्या आणि चहा टाकला. मी तो गुपचूप प्यायलो आणि निघालो.

आता तूच सांग, इतका चांगला मुलगा कधी असतो का? न सांगता खिडकी पाडतो, बोल्ट दुहेरी आवळतो, मला बाबा म्हणतो! नक्की काहीतरी लपवतोय. ते काय ते मी शोधून काढीनच, तोपर्यंत आपला नकारच बरा. गुडघ्यांना जप.

कुणावरही विश्वास न ठेवणारा आणि तुझ्यावर बऱ्यापैकी ठेवणारा,
तुझा धाकटा

ता. क. नकार कळवायची गरज नाही. तो आधीच त्यांच्याकडून आलाय (हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पण हात धजेना). त्याच्या आईने चिमीला फोन केला. म्हणाल्या, "बाळा, तुझ्यावर राग नाही, पण माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाशी मला सोयरीक नको." मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही. चिमी नुसता हात पुढे करून म्हणाली, कवळी द्या, सैल झालीय, घट्ट करून आणते. तेव्हापासून कवळी लॅबमध्ये आहे. चिमी जेवत नाही आणि मला चावता येत नाही. दोघंही समोरासमोर उपाशी बसतो.

ता. क. दुसरा. वरची कारणं वाचली नसशील तर वाचू नकोस. मुलगा मला पसंत आहे. जिन्याखालचे बोल्ट पाहिले तेव्हाच पसंत होता, कबूल करायला जड जात होतं एवढंच. तू त्यांच्याकडे जाऊन असं सांगू शकशील का, की त्या दिवशी आला तो मुलीचा बाप नव्हताच, चाहत्यांच्या करमणुकीसाठी ठेवलेला कोणी नट होता? चहा गुपचूप प्यायला, यावरून पटायला हरकत नाही.

ता. क. तिसरा. ते नटाचं रद्द. चिमीने पत्र वाचलं. (पाकीट टेबलावर उघडं होतं. मी मुद्दाम ठेवलं असा तिला संशय आहे. शेवटी मुलगी कुणाची?) वाचून ती तशीच उठली आणि त्याच्या आईशी बोलून आली. त्या म्हणाल्यात, वडिलांनी पुन्हा एकदा यावं, पाहुण्यासारखं बसावं, काही उघडू नये, काही वाजवू नये, कशाला हात लावू नये. एवढं जमलं तर पुढचं बघू. दुसऱ्या कुणाला हे सहज जमेल. मला जमणार नाही, मी स्वतःला ओळखतो. तेव्हा ताई, मिळेल त्या गाडीने ये आणि माझ्याबरोबर चल. तिथे माझ्या शेजारी बस आणि माझे दोन्ही हात तुझ्या हातांत धरून ठेव. मी सोडवायला लागलो तरी सोडू नकोस, त्या हो म्हणेपर्यंत.