बाजार मूळचा कुठला?

चिंचवड, गुरुवार, संध्याकाळ

आठवडे बाजार देवळासमोरून ओढ्याकाठी जाणार, हे आज उपसरपंचांनी स्वतः फोनवर सांगितलं. वर म्हणाले, "जात नाही हो साहेब, परत जातोय. मूळचा तिथलाच. पुस्तकात तसं येऊ द्या."

चाकणजवळच्या त्या छोट्याशा बाजाराच्या गावाचा इतिहास हे उपसरपंच माझ्याकडून का लिहून घेतायत, हा प्रश्न मला आजवर पडला कसा नाही? देवळासमोरची जागा हायवेला लागून आहे. ती रिकामी झाली की तिथे काय उभं राहणार?

फोन ठेवून तडक गावात गेलो, तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठलं. तिघेही म्हणाले, "पूर्वापार बाजार ओढ्याकाठीच भरायचा." शब्दसुद्धा तेच. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत तीन माणसांची आठवण अशी तंतोतंत जुळलेली पाहिली नाही. आणि 'पूर्वापार'? पारावर कोण असं बोलतं?

मग देवळासमोर कांदे विकणाऱ्या सखूबाईंना विचारलं. त्या हसल्याच. "पावसात वढ्याला गुडघाभर पाणी आसतंय. तिथं काय बेडकं इकायची व्हय? माझी सासू हितंच बसायची, तिची सासूबी हितंच. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की हितंच घेत्यात. तिकडं कुत्रं तरी येईल का?"

नाव घालू का, म्हटलं.

"घाला की. म्या काय चोरी केलीय?"

बाजारावरच्या प्रकरणात त्यांच्या बोलण्यासकट घातलं. तरी 'पूर्वापार' डोक्यातून जात नाही. त्या तिघांच्या तोंडी तो घातला कुणी?

रविवारी उपसरपंच हे प्रकरण न्यायला येतील. सोमवारी ग्रामसभेत ते वाचून दाखवायचं होतं. आता बहुधा दाबलं जाईल. म्हणून शनिवारीच एक प्रत सखूबाईंच्या सुनेला देतोय. ती ग्रामसभेला जाणार आहे, आणि आवाज खणखणीत आहे म्हणे.