पाचव्या रांगेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय नाटक कंपनीत प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी, राहणार शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सध्या मुक्काम रुग्णालयाचा दुसरा मजला, खाट क्रमांक चौदा, आज रविवारी दुपारी माझ्या मागे काय कोणाचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी असा कागद केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. भीतीच्या दबावाखाली मात्र मी आहे, आणि अक्षर त्यामुळेच वाकडं आलंय. वकील म्हणाले, असलं काही मृत्युपत्रात लिहायचं नसतं. मी लिहिणार.

मला घशाचा कॅन्सर आहे. उद्या सकाळी माझं स्वरयंत्र काढायचं ठरलंय. संमतीचा कागद कालपासून उशीखाली आहे आणि त्यावर माझी सही नाही. सिस्टर तीनदा विचारून गेल्या, तिन्ही वेळा मी झोपेचं सोंग घेतलं. आज पाचपर्यंत सही झाली नाही तर उद्याची वेळ दुसऱ्या पेशंटला देतील. तेव्हा आधी हा कागद पुरा करते, मग त्या कागदाचं बघू.

कलम १. दोन खोल्या, आतल्या सामानासकट, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. मोरीचा नळ उजवीकडे फिरवला की उघडतो, डावीकडे नाही. बँकेतल्या शिलकीतून आधी रुग्णालयाचं भागवावं, उरेल ते तिचंच. आत्याने काय ठेवलं म्हणून हसू नये.

कलम २. विंगेतलं माझं स्टूल कंपनीला. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, ती काढू नये, स्टूल करकरतं आणि ते प्रेक्षकांना ऐकू जातं. निळा कागद लावलेली, विंगेतल्या अंधारात वाचायची छोटी बॅटरी भाचीला.

कलम ३. माझ्या पर्समधला सिगरेटचा डबा कंपनीच्या लाइटवाल्याला. तो डबा त्याने माझ्यासमोर, मी नसले तर माझ्या फोटोसमोर, कचऱ्यात टाकायचा आहे. तीस वर्षं आम्ही दोघं मध्यंतरात मागच्या जिन्यावर उभं राहून फुंकत आलो. घरात कोणाला पत्ता नव्हता. इथल्या डॉक्टरबाईंनी सिगरेटचं विचारलं तेव्हा मी आधी "छे छे" म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. लाइटवाल्या, तुझाही आवाज बसलाय, दोन महिने तरी झाले. डॉक्टरबाई म्हणतात, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर घसा आतून बघून घ्यायचा, हळदीचं दूध पीत बसायचं नाही. तू गेला नाहीस तर मी भूत होऊन तुझे दिवे घालवीन.

कलम ४. आता माझ्या भावाबद्दल. त्याला कंपनीत सगळे हिरो म्हणतात, मीही इथे तेच लिहिते. दिसायला देखणा, आवाज खणखणीत, पण पाठांतराच्या नावाने शंख. एकतीस वर्षं मी त्याला वाक्यं पुरवली. मी एक शब्द टाकला की तो पूर्ण पान म्हणायचा, आणि टाळ्या त्याला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सहा वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात आलं की प्रॉम्प्टरचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी तालमीत, सगळ्यांदेखत, हा मॅनेजरला म्हणाला, "ताईला सांगा जरा हळू. माझं नाटक आहे ते, तिचं नाही." "ताईला सांगा" म्हणे! मी चार हातांवर बसलेली.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. प्रयोगात वाक्यं देत होते, ती कामाची म्हणून. पडदा पडला की तोंडात मिठाची गुळणी. आणि आवाज कमी केला. इतका कमी केला की शेजारी उभ्या असलेल्या मेकअपवालीलाही ऐकू जाईना, फक्त त्याला जाईल. ते माझं कसब होतं आणि माझा सूडही. पुढे पुढे घरीदारीही तशीच कुजबुजायची सवय लागली. शिंपीकाका म्हणायचे, "बाई, देवळात आहात का?"

त्यामुळे खरा आवाज कधी बसला ते कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. कधी मोठ्याने बोलायची वेळ आली आणि घोगरं निघालं तर मी म्हणायचे, वापरात नाही म्हणून गंजलाय. मग डावा कान दुखायला लागला. चार महिने औषधाच्या दुकानातले थेंब घातले. कानात काहीच नव्हतं, दुखणं घशातलं होतं. भाकरीचा घास अडकायला लागला तेव्हा भाकरी दुधात कुस्करली. गळ्याला गाठ लागली तर वर ओढणी घेतली. मी असली गाढव.

कलम ५. ओळखलं ते हिरोने. दुसऱ्या अंकात तो नेहमीच्या जागी अडला, मी वाक्य दिलं, आणि तो ते घेईचना. विंगेकडे मान वळवून बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा मुद्दाम माझी अब्रू घालवतोय. पडदा पडल्यावर तोंडावरचा रंग तसाच ठेवून तो माझ्या स्टुलाशी आला. सहा वर्षांनी पहिल्यांदा बोलला. "ताई, तुझा श्वास वाजतोय. शिट्टीसारखा. कधीपासून?"

मी म्हटलं, "तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? एकतीस वर्षं मी त्या श्वासावर उभा आहे. आधी तो ऐकतो, मग शब्द. ऊठ."

दुसऱ्या दिवशी त्याने मला डॉक्टरबाईंकडे नेलंच. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, टोकाला दिवा असलेली, आणि समोरच्या पडद्यावर माझा घसा दिसला. मला "ई" म्हणायला लावलं. एक स्वरतंतू हलत होता, दुसरा जागचा हलेना. त्याच्यावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी. मग भूल देऊन तुकडा काढला, स्कॅन केला, आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली. त्या आठ दिवसांत मी एकही सिगरेट ओढली नाही, जसं काही त्याने रिपोर्ट बदलणार होता.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. वर्षभर आधी आला असतात तर किरणांवर भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता ते कूर्चेत, म्हणजे घशाच्या मऊ हाडात, शिरलंय, श्वासाची वाट अरुंद झालीय. स्वरयंत्र काढायचं, गळ्याला पुढून कायमचं छिद्र, श्वास तिथूनच. महिन्या-दीड महिन्याने किरणं. पुढे एक छोटी झडप बसवता येते, छिद्रावर बोट ठेवून बोलता येतं, पण तो आवाज वेगळा असेल. मी विचारलं, "बरी होईन?" त्या म्हणाल्या, "शक्यता चांगली आहे. खात्री मी कोणालाच देत नाही." खोटं बोलल्या असत्या तर मला चाललं असतं.

कलम ६. मला कशाकशाची भीती वाटते त्याची यादी इथे करते, कारण तोंडाने सांगवत नाही. टेबलावरच जाईन याची. जागी होईन आणि ओरडायला जाईन तेव्हा काहीच बाहेर येणार नाही, याची जास्त. आरशात पहिल्यांदा ते छिद्र बघायची. अंघोळीचं पाणी तिथून आत जाण्याची. मोरीत पडले तर हाक कशी मारू, याची. माझा आवाज मीच विसरेन याची. ही मिळकत मी कोणाच्याच नावे करत नाही.

कलम ७. माझ्या एक्केचाळीस संहिता हिरोला. समासात पेन्सिलीच्या फुल्या आहेत, तो जिथे जिथे अडतो तिथे. त्या मोजून लाजावं. "माझं नाटक आहे ते, तिचं नाही" हे वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही. श्वासाबद्दलचं वाक्य मात्र जमा धरलंय.

कलम ८. हेही हिरोला, पण ही वस्तू नाही, काम आहे. ऑपरेशनच्या दाराशी स्ट्रेचर थांबवून विचारतात म्हणे: नाव काय, ऑपरेशन कशाचं, तयार आहात ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देईन. तिसऱ्याला मी अडणार. मला माहीत आहे मी कुठे अडते. मी म्हणेन, नको, मला घरी न्या. तेव्हा तू माझ्या डोक्यामागे उभा राहा, आणि हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, एकच शब्द दे: हो.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचायला घेतला. ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून हिरोला दाराबाहेर बाकावर बसवलं होतं. पाचव्या कलमात माझा आवाज संपला. शिंपीकाकांचा चष्मा घरी राहिलेला, मेकअपवाली रडत होती. शेवटी हिरोलाच आत बोलावून कागद त्याच्या हातात दिला. त्याने सिगरेटचं कलम वाचलं, भुवई वर केली, आणि पुढे गेला. स्वतःच्या पाठांतराचं वाचताना हसला. "गाढव" वाचताना हसला नाही.

आठव्या कलमाच्या शेवटच्या शब्दाशी तो अडला. कागद हातात, अक्षरं समोर, तरी अडला. मी सवयीने शब्द दिला, माझ्या त्या सहा वर्षांपासूनच्या कुजबुजीत.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ऐकू नाही आलं."

मी पुन्हा दिला.

"नाही आलं. मोठ्याने दे ना गं. पाचव्या रांगेपर्यंत जाऊ दे."

होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि म्हटलं, "हो!" फाटका, घोगरा, पण माझा. समोरच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. सिस्टर धावत आल्या, "काय झालं, काय झालं?" हिरो म्हणाला, "काही नाही. ताई हो म्हणाली."

पेन उघडंच होतं. आधी उशीखालचा कागद काढून त्यावर सही केली आणि सिस्टरच्या हातात दिला. मग ही.

सही: माझी, दोन्ही पानांवर.

साक्षीदार १: खालच्या दुकानातले शिंपीकाका. चष्म्याविना सही केली, ती ओळीबाहेर गेली आहे, ग्राह्य धरावी.

साक्षीदार २: कंपनीतली मेकअपवाली.

या बाईंची शुद्ध व बुद्धी ठीक असल्याबद्दल: डॉक्टरबाई, सही व शिक्का.

ठिकाण: खाट क्रमांक चौदा. दिनांक: ऑपरेशनच्या आदला रविवार, पाचला दहा मिनिटं कमी असताना.