कुठे लागलं?

३ ऑगस्ट
आजपासून केसपेपरवर एक रकाना वाढला! नाव, वय, पत्ता — आणि आता ‘कुठे लागलं’. एकवीस वर्षं अपघात विभागाच्या खिडकीत बसतोय. हे सुचवून सुचवून थकलो होतो. आरोग्य खात्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, “पोलिसांकडे तक्रारी येतात, काका, तुमच्याकडे जखमा येतात. जास्त काय येतं ते पाहूच.”
मारामारीत जखमी होऊन येणाऱ्या पोरांची नावं कुणालाच द्यायची नाहीत. फक्त वय, जागा, वेळ.

५ ऑगस्ट
पहिल्याच पोराला विचारलं, कुठे लागलं? म्हणतो, “डोक्याला.”
सिस्टर इतक्या हसल्या की हातातलं बँडेज सुटलं. रकाना खोडला. ‘घटनेची जागा’ लिहिलं.

१९ ऑगस्ट
सगळे म्हणतात, “पडलो.” कपाळावर अंगठीचा ठसा, तरी पडलो! आज म्हटलं, बरं, पडलास — पण पडलास कुठे?
“बसथांब्यामागे.” बिनदिक्कत सांगितलं! पडण्याची जागा सांगायला कुणाचीच हरकत नाही. एकवीस वर्षांत एवढं डोकं कधी चाललं नव्हतं.

७ नोव्हेंबर
आज मोठी बैठक. भिंतीवर नकाशा, त्यावर माझे लाल ठिपके. तीन महिन्यांत विशीच्या आतले एकशे शहाऐंशी जखमी. त्यातले एक्केचाळीस एकाच जागी — बसथांब्यामागची गल्ली, साडेचार ते सव्वापाच. पोलिसांच्या दप्तरी त्या गल्लीतली प्रकरणं किती? तीन!
दोन शाळा एकाच वेळी सुटतात, बस एकच. एक शाळा तर आमच्या लेकीचीच.
पोलीस साहेब म्हणाले, “आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “यांनी विचारलं, म्हणून कळलं.” छाती फुगून शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.
घरी बायको म्हणाली, “आता स्वयंपाकघरातही रकाने आखा.” मग तिनंच शेजारणीला सगळं तीनदा सांगितलं — आकड्यांसकट!

२१ नोव्हेंबर
लेकीची शाळा आजपासून अर्धा तास आधी सुटते. जादा बस सुरू. थांब्यापाशी दोन तरुण कार्यकर्ते उभे असतात, पोरांशी गप्पा मारतात.

२१ फेब्रुवारी
नऊ! त्या गल्लीत तीन महिन्यांत एक्केचाळिसांवरून नऊ!
मला धाकधूक होती, जखमी पोरं दुसरीकडे उपचाराला तर जात नसतील? डॉक्टरीणबाईंनी आसपासचे दवाखानेही पाहिले. तिथेही वाढ नाही. म्हणजे बत्तीस पोरं धडधाकट घरी गेली. त्यांना हे माहीतही नाही. नसू दे, मला आहे.
सिस्टरांनी माझ्या खिडकीवर पाटी चिकटवली — ‘चौकशी: इथे खरंच करतात.’ काढणार नाही.

२२ फेब्रुवारी
लेक समोर येऊन बसली. “बाबा, त्या एक्केचाळिसांतल्या दोघींना मी मारलंय. एकीला दगडानं.”
ती मुलगी आठवली. पाच टाके. तिचा केसपेपर मीच लिहिला होता.
मग म्हणाली, “उद्या तिच्या घरी जाणार आहे. माफी मागायला. येशील?”
येतो म्हटलं. गावभरच्या पोरांना विचारत बसलो, घरात एकदाही नाही. तिनं आपणहून सांगितलं.