सगळ्या बिंदूंतून जाणारी रेघ

प्रिय प्रोफेसर,

कॉलेजात हे नाव तुला मीच दिलं होतं, कौतुकानं. आता लिहिताना हसू येतं. तब्येत छान असणार तुझी. काल टीव्हीवर चांगलाच गुटगुटीत दिसलास. "आमच्या विश्लेषणामुळे मुलं वाचली," हे सांगताना खिशातून रुमालही काढलास.

शाळेमागचा डोंगर अडवून धरणारी ती भिंत पुढे झुकत चालली होती. दर आठवड्याला झुकाव मोजायला चिखल तुडवत मी जायचे. तू ऑफिसात बसून माझ्या दहा बिंदूंतून वक्र काढलास, थेट नवव्या घाताचा, आठ वळणं घेऊ शकणारा. बैठकीत पडद्यावर दाखवत म्हणालास, "बघा, एकही बिंदू सुटला नाही." सुटेल कसा? दहा बिंदूंना नववा घात दिला की रेघ लाळघोट्या कारकुनासारखी प्रत्येकापुढे वाकते. शेवटच्या बिंदूनंतर तिनं खाली उडी मारली, तेवढ्यावर तू निकाल दिलास की भिंत सावरतेय. संस्थाचालकांना तेच ऐकायचं होतं. मी विचारलं, "याच रेघेप्रमाणे पुढच्या महिन्यात भिंत उलटी डोंगरात शिरते, ते कसं?" तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मॅडमना सरळ रेघेपलीकडचं झेपत नाही." लोक हसले. तूही हसलास.

सरळ रेघ मी काढून पाहिली होती रे, ती कमीच पडली. मग दुसऱ्या घाताचा, एकाच वळणाचा वक्र काढला. शेवटचे दोन बिंदू झाकले आणि उरलेल्या आठांवर तुझी रीतही लावली, माझीही. माझा वक्र झाकलेल्या बिंदूंच्या अगदी जवळून गेला, तुझी रेघ आभाळात गेली. मोजताना हात जरासा हलतो, उन्हानं भिंत जराशी फुगते; ती थरथर तू पाठ केलीस आणि तिला ज्ञान म्हणालास. हे सगळं तुझ्या टेबलावर ठेवलं, तर तू त्यावर चहाचा कप ठेवलास.

म्हणून मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. दोन्ही आलेख समोर ठेवून झाकाझाकीचा प्रयोग सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "बरोबर आला तो काय म्हणतो?" पडणार, म्हटलं. त्यांनी मागचे वर्ग रिकामे करवले, त्याबद्दल संस्थेची नोटीसही ओढवून घेतली. पुढच्याच आठवड्यात भरदुपारी भिंत रिकाम्या बाकांवर कोसळली. शाळा भरलेली होती. कुणाला ओरखडाही नाही.

आता तुझा निरोप आलाय, की चौकशी समितीला तो बरोबर ठरलेला आलेख दोघांचा म्हणून सांग, शेवटी घरातलीच गोष्ट आहे. आज सकाळी मी दोन्ही आलेख समितीला दिले, कुठला कुणाचा ते सांगून. आणि घराचं म्हणशील तर आपल्या लग्नाचा हॉल रद्द करून आत्ताच परतलेय. आईनं कारण विचारलं. म्हटलं, चुकतो त्याचं काही नाही गं, पण हा दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवावर टाळ्या घेतो. तुझ्या आईला मात्र तूच सांग. खरं बोलायचा तेवढाच सराव होईल.

तुझी होता होता राहिलेली