माझ्या वजनाची फ्रेम

६ जानेवारी, सोमवार

फ्रेम तुटली. नाल्यावरच्या पुलापाशी चाक खड्ड्यात गेलं, काडकन आवाज झाला आणि पायडलच्या वरची नळी जोडातून सुटली. मी टपालाच्या थैलीसकट खाली. आधी थैली उचलली, मग स्वतःला. सतरा पत्रं, दोन पार्सलं — सगळं कोरडं. गुडघा सोलला.

सायकल अनुपची, त्याच्या कॉलेजच्या वेळची. चोवीस इंची, काळी, लोखंडी पलंगासारखी जड. लग्नानंतर दोन वर्षांनी मला डाक सेवकाची नोकरी लागली तेव्हा नवऱ्यानं दिलेली पहिली वस्तू. सहा वर्षं चालवली. थांबलं की पाय टेकत नाही, एका अंगाला झुकावं लागतं. दगडावरून गेली की दणका थेट पाठीत.

सायकल ओढत घरी आणली. सासूबाई दारातच.

"पडली काय वं?"

"नाही. फ्रेम तुटली."

"तुयासारख्या काडीखाली लोखंड कसं तुटते?"

सायकल भिंतीला टेकवली. आत गेले.

७ जानेवारी, मंगळवार

दोन गावं पायी. उरलेल्या दोन गावांचं टपाल उद्यावर. चहाची बशी हातात थरथरली, अर्धा सांडला. सासूबाईंनी पाहिलं.

१२ जानेवारी, रविवार

अनुप सुट्टीवर आला होता — बुटीबोरीच्या कंपनीतून रविवारचाच येतो. दोघं वर्ध्याला गेलो. मोठं दुकान. पोऱ्यासारखा दिसणारा सेल्समन, त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी तिकडे." तिकडे पाचवीतल्या मुलींच्या सायकली. गुलाबी, हँडलला झिरमिळ्या. मी बत्तीस वर्षांची आहे. अनुप हसला, मग माझ्याकडे पाहून पुढच्या रांगेकडे वळला.

दुसरी दाखवली — गिअरची, हलकी. पण टायर आणि फ्रेममध्ये बोट जाईल एवढीच जागा. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात दहा पावलांत जाम होईल. तिसरी म्हणजे अनुपचीच, फक्त नवी. मला एकच सायकल हवी आहे — डांबरावर, पांदणीत, चिखलात, थैलीसकट, रोज. आणि माझा पाय टेकला पाहिजे. एवढंच तर मागते आहे.

रिकाम्या हातांनी आलो. बसमध्ये अनुप म्हणाला, "तू नीट जेवत काऊन नाई?"

जेवते, म्हटलं. खोटं नाही. घरात सगळ्यांत जास्त मीच खाते आता. तरी ब्लाऊज दोनदा शिवून आत घेतले.

१३ जानेवारी, सोमवार

शेजारच्यांची सायकल मागून नेली. तीही तशीच जड. छातीत धडधड, गावाच्या वेशीवर बसून राहिले.

१५ जानेवारी, बुधवार

पुलगावच्या टपाल कचेरीतले महादेवराव म्हणाले, नत्थूजींकडे जा. गिरणीत फिटर होते, आता घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये सायकलच्या फ्रेमी बनवतात. स्टीलची नळी कापतात आणि पितळेनं जोडतात. वर्षाला चार-पाच, त्याहून जास्त नाही.

गेले. सत्तरीचे असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सोबत नेलेली अनुपची फ्रेम उलटीपालटी करून पाहिली.

"ही तुमच्यासाठी नाईच. ही बनवली आहे ऐंशी किलोच्या माणसासाठी, वर ज्वारीचं पोतं. तो बसला की नळी जराशी दबते, धक्का झेलते. तुमच्याखाली ती दगड होऊन राह्यली. दगडाले काय कळते, वर कोण आहे. सगळा मार तुम्हीच खाल्ला."

सहा वर्षं मला वाटत होतं, मीच नाजूक आहे.

पट्टीनं पाय मोजला, हात मोजला. कुठं कुठं जाता, रस्ता कसा, पावसाळ्यात काय — सगळं विचारून घेतलं. मग वहीतून मान वर न करता: "वजन?"

"शेहेचाळीस."

लिहून घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

वजनाचं खोटं का बोलले ते इथं तरी लिहावं.

माझ्या मोठ्या बहिणीचं, हर्षाताईचं, आधी वजनच गेलं होतं. तीही सांगायची, जेवते मी. मग खोकला, मग टीबी निघाला. सासरच्यांनी ऑटोतून पेटीसकट माहेरी आणून सोडलं — बरी झाली की नेऊ म्हणाले. कोणी आलं नाही. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तिनं, कोणासाठी घेऊ म्हणायची. मार्चमध्ये गेली. चोवीस वर्षांची होती, आणि मी बारावीचे पेपर देत होते.

माझ्या लग्नात आईबाबांनी सांगितलं, मोठी तापानं गेली. अनुपलाही तेच माहीत आहे.

शेहेचाळीस हे दिवाळीआधीचं; त्यानंतर मी काट्यावर उभी राहिले नाही. आरोग्य उपकेंद्रात टपाल द्यायला जाते तेव्हा तिथल्या काट्याकडे पाहतसुद्धा नाही. सासूबाई मला बघत असतात. जेवताना, कपडे वाळत घालताना. मोजत असतात असं वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार

हाफ डेनंतर पुलगाव. नत्थूजींनी दोन नळ्या काढून ठेवल्या होत्या. एक जाड पत्र्याची, एक पातळ. पातळ हातात घेतली — बासरीसारखी. पान्यानं ठोकली तर जाड ठप्प वाजली, पातळ बराच वेळ घुमत राहिली.

"ही तुमच्याखाली दबन, परत उठन. सायकल हलकी होईन, चढावर कळन. पण सांगून ठेवतो, यावर थैली चालन, माणूस बसवाचा नाई. माणूस बसवाचा तर जाड नळी, मग पुन्हा तोच मार."

पातळच घेतली. माझ्या मागे कोण बसणार आहे.

वाटलं झालं. तर म्हणाले, "चला, वजन करून घेऊ. मी लोकांच्या तोंडचं वजन धरत नाई." शेजारीच जिनिंगची गिरणी, तिथं कापसाचा काटा. पळवाट सुचेना. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, सगळ्यांसमोर काट्यावर उभी राहिले. काटेवाला म्हणाला, दोन्ही पाय नीट वर ठेवा बाई. ठेवलेलेच होते.

एकोणचाळीस.

नत्थूजींनी आकडा पाहिला. शेडमध्ये आले, पातळ नळी परत खुंट्यांवर ठेवली.

"सात किलो कुठं गेलं, पोरी?"

मी थैली उचलून खांद्याला लावली.

"फ्रेम मी बनवीन. पण आज नळी कापत नाई. माणूसच कमी होत चालला असन, तर मी माप कशाचं घेऊ? डॉक्टरले दाखवून ये."

इतका राग आला. बसमध्ये राग गेला आणि नुसती भीती उरली.

१९ जानेवारी, रविवार

अनुपला सगळं सांगितलं. काट्याचं, हर्षाताईचं, मंगळवारच्या दवाखान्याचं. तो उठून अंगणात गेला, नळापाशी उभा राहिला. परत आल्यावर एवढंच — "आईले आत्ताच सांगू नको."

सासूबाई दारात होत्या, हातात तांदूळ पाखडायचं सूप. किती ऐकलं कोण जाणे.

"मंगळवारी दवाखान्यात मी येईन तुयासंगं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मायेनं नाही. त्यांना रिपोर्ट स्वतःच्या कानांनी ऐकायचा आहे. म्हणजे पुढचं ठरवता येईल. माझी पेटी पलंगाखाली आहे, लग्नातली. आज ती दिसली आणि नको ते डोक्यात आलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी फाट्यावर बसची वाट पाहत होतो. दोन कोस चालून गेलो होतो, गावात बस येतच नाही. सासूबाई दगडावर बसल्या, दम लागला होता. एकदम म्हणाल्या, "तुया बहिणीले काय झालं होतं, मले माहीत आहे. सोयरीक जुळायच्या आधीच माहीत होतं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग?"

"मग काय. पोरगी पसंत होती."

पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. पदर तोंडावर धरला आणि दुसरीकडे वळून बसल्या. आठ वर्षं मी त्यांच्या घरात चोरासारखी राहिले. त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या. गळा चाचपला, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटं थरथरताना बघत बसल्या. थंडीत घाम येतो का? छाती धडधडते? खूप भूक लागते? हो, हो, हो. रक्त, छातीचा फोटो, थुंकीसाठी डबी.

तेवढ्यात सासूबाई पुन्हा खोकल्या. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"आजी, खोकला कधीपासून?"

"थंडीचा आहे."

"कधीपासून?"

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "पोळ्यापासून असन."

डॉक्टरांनी दुसरी डबी काढली. सासूबाई म्हणाल्या, पेशंट ही आहे, मी नाई. तरी डबी हातात दिलीच. येताना रस्ताभर ती पदराखाली धरून होत्या.

२२ जानेवारी, बुधवार

नत्थूजींचा फोन.

"गेलती काय?"

"गेले होते. शुक्रवारी रिपोर्ट."

"बरं." ठेवला.

२३ जानेवारी, गुरुवार

सासूबाईंनी भाकरी केल्या, मला चार वाढल्या. स्वतः अर्धी खाल्ली. मी पहिल्यांदा त्यांच्या ताटाकडे पाहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मला टीबी नाही. थायरॉईड वाढलंय. गोळ्यांनी वजन परत येईल, डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाईंच्या थुंकीत निघाला. सहा महिने गोळ्या, दर महिन्याला तपासणी. आणि दोन कोस चालायचं नाही, फुप्फुस फार खराब आहे.

बाहेर बाकावर बसलो. मग त्या म्हणाल्या, "मले आता कुठं ठेवता?"

तिथूनच नत्थूजींना फोन लावला. म्हटलं, पातळ नळी नको. जाड घ्या. मागे माणूस बसणार आहे, फाट्यापर्यंत.

त्यांनी विचारलं, माणूस किती वजनाचा. मी फोन हातात धरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"सांग त्याले," म्हणाल्या. "तुयापेक्षा कमी."