जुन्या काट्याची टकटक

चिऊ,

दूध तापवून ठेवलंय. टेबलावर बाबांच्या विमानाच्या नव्या उपकरणांच्या खर्चाचा अंदाज आहे. परवाचा फाडून टाक, तो खोटा होता. स्क्रीन, रेडिओ, वायरिंग, सगळ्याला मी दुप्पट लावलं होतं. आकडा बघून तू उडण्याचा नाद सोडशील, असं वाटलं. वीस वर्षं हँगरमध्ये विमानदुरुस्तीचे अंदाज काढतेय, परक्याला कधी एका स्क्रूचं जास्त लावलं नाही, आणि पोटच्या पोरीला फसवलं.

तुझ्या बाबांनीही हाच अंदाज मागितला होता. दिशेचा काटा अडकायचा, मग ते काचेवर बोटाने टकटक करायचे आणि तो हलायचा. मी म्हणाले, चालतंय ना, पुढच्या वर्षी बघू. त्या दिवशी ढगात तो हललाच नाही. शेतात आपटलेलं विमान दुरुस्त झालं गं, बाबा नाही झाले.

अजून सकाळी हँगर उघडलं की रिकाम्या विमानातून टकटक येते. पत्रा तापतोय, असं मी मनाला सांगते. काल पहिल्यांदा आत बसले. त्या जुन्याच काट्याच्या काचेवर बाबांच्या बोटाएवढी जागा झिजून धुरकट झालीय. तिथे बोट ठेवलं, तेव्हा कुठे टकटक थांबली.

आज तो काटा काढायला गेलेय. त्याची मजुरी अंदाजात धरलेली नाही, ते काम माझं आहे. नवं सगळं बसेपर्यंत उडू नकोस. पुढेही काही अडकलं, तर टकटक करत बसू नकोस. खाली ये आणि मला सांग. मी त्याच दिवशी बघेन.

आई