चौथ्या मजल्याला भाडेकरू मिळाले

ताई,

भाड्याने द्यायला घेतलेल्या फ्लॅटला अखेर भाडेकरू मिळाले. आपण तिघं. घरमालक म्हणून मी आपल्याला भिंतीत खिळे ठोकायची सक्त मनाई केली आहे.

लिफ्ट काही लागली नाही. बघायला येणारे तिसऱ्या मजल्यावर दम खायचे आणि तिथूनच नको म्हणायचे. कालचं जोडपंही तसंच. बिचारे धापा टाकत होते म्हणून पाणी प्यायला इकडे आपल्या घरी घेऊन आलो, तर त्यांना हेच घर आवडलं. मी हो म्हणालो. त्यांच्या भाड्यात फ्लॅटचा हप्ता निघतो. नाहीतर कर्जासाठी गहाण ठेवलेलं हे घरही बँक नेईल. रविवारी ते इथे येतील, आपण तिकडे जाऊ.

आईचे गुडघे माहीत आहेत मला. एकदा वर चढवली की ती पुन्हा खाली यायची नाही.

मी टेम्पो ठरवायला गेलोय. तिला तू सांग. मी दोनदा सांगायला बसलो आणि दोन्ही वेळा तिला हसवून उठलो.

काल ती त्या जोडप्याला माझे पाहुणेच समजली. त्या बाई पडद्यांसाठी खिडकी मोजत होत्या, तेव्हा टेपचं दुसरं टोक आईनेच धरलं होतं.